मास्तरांचं अप्रेझल

आपल्या आयटीवाल्यांचा एक गोड गैरसमज आहे. अप्रेझल नावाचा छळ फक्त आपल्याच नशिबी आला, असं आपल्याला वाटतं. रेटिंग, केआरए, सेल्फ असेसमेंटचा फॉर्म, मग मॅनेजरबरोबरची ती अवघडलेली मीटिंग... मार्च-एप्रिलमध्ये कॅन्टीनमध्ये दुसरा विषयच नसतो. पण मंडळी, ज्यांनी आपल्याला शिकवलं त्या मास्तर-प्राध्यापकांचं अप्रेझल आपल्यापेक्षा शंभरेक वर्षांनी जुनं आहे. त्यातले घोळही तितकेच जुने आहेत, आणि आपल्या घोळांपेक्षा जास्त शिकवणारे आहेत.

मी बुलढाणा जिल्ह्यातला, घाटाखालचा. (आमच्याकडे जिल्ह्याचे दोनच भाग, घाटावरचा आणि घाटाखालचा. लग्न जुळवतानाही आधी हेच विचारतात.) नात्यात मास्तर इतके की दिवाळीत सगळे जमले की 'तुमची प्लेसमेंट झाली का?' हे फटाक्यांपेक्षा जास्त वेळा ऐकू यायचं. ही प्लेसमेंट म्हणजे कॅम्पसवाली नाही बरं का. प्राध्यापकांच्या बोलीत प्लेसमेंट म्हणजे वरच्या वेतनश्रेणीत स्थाननिश्चिती, म्हणजे आपलं प्रमोशन म्हणा. ती कुणाची 'अडकलेली' असायची, कुणाची 'कॅम्पमध्ये निघालेली' असायची. लहानपणी मला ते सगळं रेल्वेच्या रिझर्व्हेशनसारखं वाटायचं. मोठेपणी कुतूहल म्हणून थोडं खोदत गेलो, आणि काही शनिवार-रविवार त्यातच गेले.

मूळ अडचण साधी आहे. मास्तर चांगला शिकवतो की नाही, हे वर्गातल्या पोराला आठ दिवसांत कळतं. पण पगार वाढवायचा की नाही हे ठरवणारा माणूस वर्गात नसतो. तो आधी वर्षातून एकदा दौऱ्यावर यायचा, मग जिल्ह्याच्या ठिकाणी बसायला लागला, मग दिल्लीत. त्याला लांबून मोजता येईल असं काहीतरी हवं असतं. आणि जवळून बघणारा जो एक माणूस असतो, म्हणजे मुख्याध्यापक किंवा प्राचार्य, त्याच्यावर मास्तरांचा भरवसा नसतो. या दोन टोकांमध्ये हा सगळा इतिहास हेलकावे खातो.

पहिलं टोक आलं इंग्लंडातून. १८६२ साली तिथे रॉबर्ट लो याने शाळांच्या अनुदानाचा नवा नियम आणला. प्रत्येक मुलामागे ४ शिलिंग हजेरीचे, आणि ८ शिलिंग परीक्षेचे. वाचन, लेखन, गणित, यातल्या ज्या विषयात मूल नापास होईल त्याचे २ शिलिंग ८ पेन्स कापायचे. याला 'निकालावर पैसे' म्हणायचे. कवी मॅथ्यू अर्नोल्ड पोटासाठी शाळा तपासनीसाची नोकरी करत होता, त्याने यावर कडाडून टीका केली: शिकवणं यांत्रिक होतंय, मुलं समजून घ्यायच्या ऐवजी तपासणीपुरती तयार केली जाताहेत. इंग्लंडला ते पटायला तीसेक वर्षं लागली. तोवर ही कल्पना बोटीत बसून आपल्याकडे आलेली होती. मुंबई इलाख्यात १८६०च्या दशकातच अनुदानाला निकालाचं माप लागलं.

आमचं वऱ्हाड तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हतं. १८५३ साली ते निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलं, १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडलं गेलं. बुलढाणा हा जिल्हा म्हणून १८६४ सालचा. (खामगाव आणि जळगाव जामोद १९०५पर्यंत अकोला जिल्ह्यात होते. म्हणजे घाटाखालचे आम्ही तसे उशिरा आलेले पाहुणे.) पण कारभाराच्या सीमा काहीही असोत, शाळा तपासायला येणारा डिपुटी सगळीकडे सारखाच. तो येणार म्हटलं की शाळा सारवायची, पोरांना अंघोळ घालून आणायचं, हुशार पोरं पुढे बसवायची. मास्तरचं वर्षभराचं काम त्या एका सकाळी ठरायचं. आपल्याकडे क्लायंट व्हिजिटच्या आदल्या दिवशी जे चालतं, अगदी तेच.

यात मला सगळ्यात जास्त थबकवलं ते जोतीराव फुल्यांनी. १८८२ साली हंटर कमिशनपुढे त्यांनी निवेदन दिलं, हे आपण सगळ्यांनी दहावीच्या इतिहासात वाचलेलं असतं. पण त्यात मास्तरांच्या पगाराचा हिशेब आहे हे कुणी सांगितलेलं नसतं. त्यांचं म्हणणं: प्रशिक्षित मास्तराला महिना १२ रुपयांपेक्षा कमी पगार नसावा, मोठ्या गावांत १५ ते २० असावा, आणि जो जास्त मुलं पास करून दाखवेल त्याला उत्तेजन म्हणून वर वेगळा भत्ता द्यावा. म्हणजे व्हेरिएबल पे! पण क्रम बघा. आधी पोट भरेल एवढा पक्का पगार, मग वरचं बक्षीस. रॉबर्ट लोच्या हिशेबात निकालावर मूळ अनुदानच कापलं जायचं. हे दोन्ही 'कामगिरीनुसार मोबदला' या एकाच नावाखाली खपतात, पण फरक जमीन-अस्मानाचा आहे. ज्यांच्या पगारपत्रकात कंपनीने मूळ पगारातलाच तुकडा काढून त्याला 'व्हेरिएबल' नाव दिलंय, त्यांना तो लगेच कळेल.

१९०४ मध्ये लॉर्ड कर्झनच्या सरकारने शिक्षणविषयक ठराव काढून निकालावर पैसे देण्याची ही पद्धत बाजूला ठेवली. पण कल्पना मेली नाही. ती पुन्हा उगवली आमच्या शेजारी, वर्ध्याला, आणि तीही धंदेशिक्षणाच्या अंगाने. १९३७ साली गांधीजींनी नई तालीम मांडली: मुलांनी सूतकताईसारखी हस्तकला शिकायची आणि त्या मालाच्या विक्रीतून मास्तरांचा पगार निघावा. झाकिर हुसेन समितीने त्याचा अभ्यासक्रम केला. आमचा मध्य प्रांत-वऱ्हाड तर एक पाऊल पुढे गेला. रविशंकर शुक्लांनी 'विद्या मंदिर' योजना आणली. गावाने शाळेला जमीन द्यायची आणि त्या शेतीच्या उत्पन्नावर शाळा चालायची. तेव्हाही टीका करणारे म्हणालेच की उद्या मास्तर शिकवायचं सोडून पोरांकडून सूत किती निघतंय तेच बघेल. टीका अर्धवट खरी, अर्धवट अन्यायाची. गांधीजींच्या डोक्यात स्वावलंबन होतं, वसुली नव्हती. पण एकदा मास्तरच्या पगाराला मोजमापाची दोरी बांधली की ती कोण आणि कशी ओढेल, हे बांधणाऱ्याच्या हातात राहत नाही.

असो. आता आपल्या मूळ विषयाकडे, म्हणजे कॉलेजांकडे.

बुलढाणा जिल्ह्यात कॉलेज यायला स्वातंत्र्य उजाडावं लागलं. खामगावचं जी. एस. कॉलेज १९४७ सालचं. त्याआधी पोरांनी नागपूर गाठायचं, नाहीतर १९२३नंतर अमरावतीचं किंग एडवर्ड कॉलेज. पुढे चिखली, मलकापूर, मेहकर, खुद्द बुलढाणा... खासगी संस्थांची कॉलेजं निघत गेली. संस्था खासगी, अनुदान सरकारी, पदवी आधी नागपूर विद्यापीठाची आणि १ मे १९८३पासून अमरावती विद्यापीठाची. तीन मालक. आणि मास्तरचं मूल्यमापन कोण करणार, तर त्यातला सगळ्यात जवळचा: संस्था आणि तिने नेमलेला प्राचार्य.

त्यांच्या हातातलं हत्यार म्हणजे गोपनीय अहवाल. सरकारी नोकरीतून आलेली ही चीज. वर्षाच्या शेवटी वरिष्ठाने खालच्याबद्दल चार ओळी लिहायच्या, पाकीट बंद करायचं, कपाटात ठेवायचं. ज्याच्याबद्दल लिहिलं त्याला बहुतेक वेळा पत्ताच नाही. वाईट लिहिलं असेल तरच कळवायचं, असा संकेत. 'चांगला' लिहिलं तर कळवायचं काय कारण? आणि इथेच ग्यानबाची मेख.

देव दत्त नावाच्या एका इंजिनिअरची केस आहे, सीमा रस्ते संघटनेतली. बढतीसाठी सलग पाच वर्षं 'अत्युत्तम' शेरा हवा होता. एका वर्षी कुणीतरी त्यांना 'चांगला' लिहिलं. त्यांना ते कळवलं नाही, कारण 'चांगला' हा काही वाईट शेरा नाही! बढती मात्र गेली. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली निकाल दिला की शेरा कुठलाही असो, ज्याच्याबद्दल आहे त्याला तो कळवलाच पाहिजे, म्हणजे त्याला आपली बाजू मांडता येईल. २००८! म्हणजे आपल्याकडे लोक आयफोनबद्दल बोलायला लागले होते, तोवर या देशातला साधा सरकारी नोकर आपल्याबद्दल काय लिहिलंय हे बघू शकत नव्हता.

महाराष्ट्रातल्या खासगी शाळा आणि ज्युनिअर कॉलेजांच्या शिक्षकांनी मात्र याआधीच एक भारी गोष्ट मिळवली होती. (अकरावी-बारावीचे व्यवसाय अभ्यासक्रम, ते एमसीव्हीसी, शिकवणारेही बरेचसे यातच येतात.) १९७७ चा खासगी शाळा कर्मचारी कायदा आणि त्याचे १९८१ चे नियम. त्या नियमांत पंधरावा नियम गोपनीय अहवालाचा. प्रतिकूल शेरा असेल तर तो ठरलेल्या मुदतीत, ऑगस्ट संपायच्या आत, शिक्षकाला कळवायचा. अहवाल लिहिलाच नाही किंवा कळवला नाही, तर त्या वर्षाचं त्याचं काम समाधानकारक होतं असं धरायचं. वाचल्यावर मी खुर्चीतून उठून एक चक्कर मारून आलो. ही तर डिफॉल्ट व्हॅल्यू आहे! सिस्टिमने काही लिहिलं नाही तर फील्ड रिकामं सोडायचं नाही, त्यात माणसाच्या बाजूची किंमत भरायची. आपल्यातल्या किती जणांच्या कंपनीत असं आहे? आपल्याकडे मॅनेजर सोडून गेला की नवा मॅनेजर सरळ 'मीट्स एक्स्पेक्टेशन्स' टाकून मोकळा होतो, आणि तेही नशीब बरं असेल तर.

हा नियम कुणाच्या औदार्यातून आला असेल असं मला वाटत नाही. खासगी संस्थेत मास्तरला 'उद्यापासून येऊ नका' म्हणणं किती सोपं होतं, हे आमच्या भागातल्या जुन्या माणसांना विचारा. संस्थाचालकाच्या निवडणुकीत प्रचाराला गेला नाही, घरच्या लग्नात पंगती वाढल्या नाहीत, की काम असमाधानकारक. माझे एक काका जिल्ह्यातल्याच एका कॉलेजात वाणिज्य शिकवायचे. (कॉलेजचं नाव लिहीत नाही.) त्यांची वेतननिश्चिती चार वर्षं अडकली होती, कारण प्राचार्य फाइलवर सही करत नव्हते, आणि सही का करत नाही हे सांगतही नव्हते. काकांच्या शिकवण्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. सही मिळाली ती प्राचार्य निवृत्त झाल्यावर, आणि नव्या प्राचार्यांनी फाइल पाच मिनिटांत पाठवली. काका त्या पाच मिनिटांबद्दल चार वर्षांपेक्षा जास्त चिडून बोलायचे.

म्हणून प्राध्यापकांच्या संघटना लढल्या त्या 'नियमाने द्या' म्हणून. आमच्याकडे नुटा, म्हणजे नागपूर विद्यापीठ शिक्षक संघ. तिचे नेते बी. टी. देशमुख पदवीधर मतदारसंघातून १९८० ते २०१० अशी तीस वर्षं विधान परिषदेत होते. शासन निर्णय, परिनियम, कलमं यांवर त्यांची पकड अशी की अधिकारी जपून बोलायचे. या चळवळीची सगळी दिशा एकच होती: मास्तरचं भवितव्य एका माणसाच्या मर्जीवरून काढून कागदावरच्या नियमावर आणायचं.

१९८६ मध्ये मेहरोत्रा समितीच्या शिफारशी आल्या. त्यावरून १९८७ मध्ये देशभर प्राध्यापकांचा संप झाला, आणि करिअर ॲडव्हान्समेंट स्कीम लागू झाली. कॅस. हे नाव आमच्याकडे सगळ्या प्राध्यापकांच्या घरात पोरांनासुद्धा माहीत असतं. तोवर कॉलेजात लेक्चरर म्हणून लागलेला माणूस वरची जागा रिकामी झाली तरच वर जायचा, नाहीतर लेक्चरर म्हणूनच निवृत्त व्हायचा. कॅसने जागेची अट काढली. ८ वर्षांनी वरिष्ठ श्रेणी, आणखी ८ वर्षांनी निवड श्रेणी. अटी दोन: कामाचा अहवाल सातत्याने समाधानकारक हवा, आणि मध्ये ओरिएंटेशन, रिफ्रेशर असे अभ्यासवर्ग केलेले हवेत. त्यासाठी विद्यापीठांत ॲकॅडेमिक स्टाफ कॉलेजं निघाली. घाटाखालचे आमचे प्राध्यापक तीन-चार आठवडे नागपूर-अमरावतीच्या होस्टेलात राहून यायचे. काका तिथून दोन गोष्टी घेऊन आले: प्रमाणपत्र आणि आयुष्यभराचे मित्र. तिथे काय शिकलात विचारलं तर हसायचे. पण तिथल्याच एका मित्राकडून त्यांनी संगणकावरचं अकाउंटिंग शिकून घेतलं आणि मग पोरांना शिकवलं, हेही खरं. प्रमाणपत्रावर त्याची नोंद नाही.

मला विचाराल तर कॅस ही या सगळ्या इतिहासातली सगळ्यात माणुसकीची पायरी. तिच्यात 'समाधानकारक' हा किमान दर्जा होता, स्पर्धा नव्हती. शेजारच्याला खाली ढकलल्याशिवाय वर जाता येत होतं. तोटाही होताच: जो काहीच करायचा नाही तोही १६ वर्षांनी तिथेच पोचायचा. हे बघूनच पुढची पायरी आली.

(मध्ये एक मोठी जखम आहे, ती थोडक्यात सांगतो. १९ सप्टेंबर १९९१पासून नेट-सेट सक्तीचं झालं, तरी महाराष्ट्रात ३ एप्रिल २०००पर्यंत हजारो प्राध्यापक त्याशिवाय नेमले गेले. त्यांची स्थाननिश्चिती लटकली. २०१३ मध्ये राज्यभर परीक्षांच्या कामावर बहिष्कार झाला, आणि २७ जून २०१३ला शासन निर्णय निघाला. त्यात त्यांची सेवा नियमित धरली, पण त्या तारखेपासून. वीस वर्षं शिकवलेल्या माणसाची कॅसची घड्याळं त्या दिवशी सुरू झाली. हा एका वेगळ्या लेखाचा विषय आहे.)

तर, पुढची पायरी. ३० जून २०१०. यूजीसीने एपीआय आणले, ॲकॅडेमिक परफॉर्मन्स इंडिकेटर्स. आता शेरे नाहीत, गुण. काकांच्या टेबलावर तो फॉर्म बघितला तेव्हा मला वाटलं, हा नक्की कुठल्यातरी सॉफ्टवेअर कंपनीच्या एचआरने लिहिलाय.

फॉर्मचे तीन भाग. पहिला, शिकवणं-परीक्षा वगैरे: वर्षाला कमाल १२५ गुण, किमान ७५ हवेत. दुसरा, एनएसएस, समित्या, असे उपक्रम: कमाल ५०, किमान १५. तिसरा, संशोधन: कमाल मर्यादा नाही! संशोधन-नियतकालिकातला पेपर १५ गुण. परिषदेच्या इतिवृत्तात छापला तर १०. राष्ट्रीय परिषदेत नुसता वाचला तर साडेसात, राज्य पातळीवर ५, स्थानिक ३. आयएसबीएन असलेलं पुस्तक, प्रकाशक स्थानिक असेल तर १५, राष्ट्रीय असेल तर २५, आंतरराष्ट्रीय ५०.

तुम्ही इंजिनिअर आहात, हा फॉर्म कोड म्हणून वाचा. पहिल्या दोन भागांत किमान मर्यादा गाठली की सुटलो. त्यापुढे जीव ओतून शिकवलं तरी हाती फारसं काही लागत नाही, वर छतही आहे. तिसऱ्याला छतच नाही. मग सगळी शक्ती कुठे वाहील? जिथे छत नाही तिथे. यात मास्तर लबाड आहेत असं मानायची गरजसुद्धा नाही. पाणी उताराकडे जातं.

आता हे मेहकर किंवा देऊळगाव राजाच्या कॉलेजात ठेवून बघा. फक्त बी.ए., बी.कॉम. आहे. प्रयोगशाळा नाही, ग्रंथालयात चालू जर्नल नाही. वर्गातली पोरं कुटुंबातली पहिलीच कॉलेजात आलेली, सोयाबीन-कापसाच्या हंगामात निम्मी गैरहजर. त्या पोराला अर्थशास्त्राचं पुस्तक मराठीत उलगडून सांगणं, परीक्षेचा फॉर्म भरायला लावणं, मुलीचं लग्न एक वर्ष थांबवा म्हणून बापाला भेटायला जाणं, हे त्या मास्तरचं खरं काम. त्याला फॉर्ममध्ये रकाना नाही. आणि त्याच्याकडून मागताय काय, तर शोधनिबंध.

मग जे व्हायचं ते झालं. गावोगाव एकदिवसीय राष्ट्रीय परिषदा उगवल्या. सकाळी उद्घाटन, हार-तुरे, दुपारी जेवण, संध्याकाळी प्रमाणपत्र, आणि मध्ये दोन तासांत पन्नास पेपर 'वाचले'. परिषदेची स्मरणिका आयएसबीएनसह. पैसे भरले की आठवड्यात पेपर छापणारी 'आंतरराष्ट्रीय' जर्नल्स आली; कॉलेजांच्या पत्त्यांवर त्यांची पाकिटं यायला लागली. यूजीसीने २०१७ मध्ये मान्य जर्नलांची यादी काढली, तीस हजारांहून जास्त नावांची. पुण्याच्या संशोधकांनी त्या यादीतल्या विद्यापीठांनी सुचवलेल्या जर्नलांचा नमुना घेऊन तपासला. २०१८ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये त्यांचा निष्कर्ष आला: बारकाईने तपासलेल्या १,००९ पैकी निकषांवर उतरली ती फक्त ११२. त्याच वर्षी मे महिन्यात यूजीसीने ४,३०५ जर्नल्स यादीतून काढून टाकली. नंतर 'केअर' नावाची नवी यादी आली, आणि २०२५ मध्ये तीही बंद झाली.

इथे दिल्लीला नावं ठेवणं फार सोपं आहे, आणि मी पुष्कळ ठेवलीही. पण काकांशी यावर बोललो तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "अरे, पण त्या फॉर्मवर प्राचार्याची मर्जी चालत नव्हती ना. पंधरा म्हणजे पंधरा." हे मी विसरत होतो. एपीआयचा आकडा मूर्ख होता, पण तो मोजता येत होता, दाखवता येत होता, त्यावर भांडता येत होतं. चार वर्षं सहीसाठी थांबलेल्या माणसाला मूर्ख आकडासुद्धा शहाण्या साहेबापेक्षा बरा वाटतो. आपण आयटीत बसून 'मेट्रिक्स वाईट, मॅनेजरचं जजमेंट चांगलं' असं पटकन म्हणतो, तेव्हा आपला मॅनेजर बरा निघाला एवढंच त्यातून सिद्ध होतं.

आकड्यांचा ज्वर पुढे ओसरला. १८ जुलै २०१८च्या नियमांनी कॉलेज शिक्षकांच्या कॅससाठी गुणांचा तो डोंगर हटवला आणि पुन्हा शब्द आणले: 'चांगला', 'समाधानकारक', 'असमाधानकारक'. गोपनीय अहवालातलेच शब्द, पण आता त्यांना व्याख्या आहे. नेमून दिलेल्या तासांपैकी ८० टक्के किंवा जास्त तास घेतले तर चांगला, ७० ते ८० समाधानकारक, त्याखाली असमाधानकारक. तास घेतला का एवढंच विचारलंय. तासात काय झालं हे नाही. रॉबर्ट लोचे हजेरीचे ४ शिलिंग परत आले म्हणा, फक्त आता हजेरी मास्तरांची :-)

इंजिनिअरिंगवाल्यांचं आणखी वेगळं. शेगावचं संत गजानन महाराज इंजिनिअरिंग कॉलेज १९८३चं; त्याच वर्षी राज्यात विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना दार उघडलं होतं. अशा कॉलेजांवर एआयसीटीईचे नियम चालतात, आणि २०१९ मध्ये एआयसीटीईने चक्क आपल्या कंपन्यांतलं ३६० अंशांचं फीडबॅक आणलं. १०० गुणांपैकी शिकवण्याचे २५, विद्यार्थ्यांच्या अभिप्रायाचे २५, विभागातल्या कामांचे २०, संस्थेच्या कामांचे १०, गोपनीय अहवालाचे १०, आणि समाजासाठीच्या योगदानाचे १०. रक्तदान शिबिर, योगवर्ग वगैरे त्या शेवटच्या दहांत. वर्गात बसलेल्या पोराला कुणीतरी अधिकृतपणे विचारलं, ही मोठी गोष्ट. पण विनाअनुदानित कॉलेजात पोराची फी हाच मास्तरचा पगार, आणि त्याच पोराच्या हातात २५ गुण. अशा ठिकाणी पेपर कडक काढणारा मास्तर किती दिवस कडक राहील, याचा अंदाज बांधायला इंजिनिअर असायची गरज नाही. यूजीसीने जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा नवा मसुदा काढला, त्यात आकड्यांऐवजी 'उल्लेखनीय योगदानाची' नऊ क्षेत्रं आहेत. उल्लेखनीय काय, हे निवड समिती ठरवणार. म्हणजे पुन्हा माणसाच्या मर्जीचं टोक.

आयटीआयबद्दल लिहायचं राहिलंच, आणि ते राहणं हीच त्याची नेहमीची गत आहे. १९५०च्या शिल्प कारागीर योजनेपासूनची ही संस्था. तिथला शिकवणारा शिल्प निदेशक. त्याच्या शागिर्दाचा जॉब व्हर्नियरने मोजता येतो. नर-मादी जोड बसला की बसला, नाही तर नाही. शिकवलेलं इतकं चोख तपासता येणारी दुसरी जागा सगळ्या शिक्षणव्यवस्थेत नसेल. पण निदेशकाची प्रगती मात्र व्हर्नियरशी बांधलेली नाही. वर गट निदेशकाची जागा रिकामी झाली तर बढती. नाही झाली तर १९९५च्या शासन निर्णयाची कालबद्ध पदोन्नती होती, १२ वर्षांनी वरची श्रेणी. पुढे तिची आश्वासित प्रगती योजना झाली, आता १०, २० आणि ३० वर्षांनी. नोकरीतली वर्षं मोजायची. फिटरचा निदेशक किती चांगले फिटर घडवतो हे खरं तर पुण्या-संभाजीनगरच्या कारखान्यांना नीट ठाऊक असतं, कारण ते तिथूनच पोरं उचलतात. त्यांना कुणी विचारत नाही.

आणि या सगळ्या फॉर्मांच्या बाहेर एक माणूस उभा आहे. सीएचबीवाला. घड्याळी तासिका तत्त्वावरचा प्राध्यापक, आणि आयटीआयमधला तासिका तत्त्वावरचा निदेशक. भरती वर्षानुवर्षं अडकल्यामुळे आमच्या जिल्ह्यातल्या कितीतरी वर्गांत आज तोच शिकवतो. माझ्या बरोबरीचे दोघं-तिघं आहेत, सेट झालेले, एक पीएच.डी. त्यांना कॅस नाही, एपीआय नव्हते, ३६० अंश नाही, गोपनीय अहवालसुद्धा नाही. वर्षाच्या शेवटी त्यांच्याबद्दल कुणी काही लिहीत नाही, आणि लिहिलं नाही तर 'समाधानकारक' धरायचं असं सांगणारा १९८१चा तो नियमही त्यांच्या कामी येत नाही, कारण पुढच्या वर्षी ते नोकरीवर असतातच असं नाही. उन्हाळा संपला की जाहिरात येते, तेच कागद घेऊन तीच मुलाखत. त्यातला एक जण गेली अकरा वर्षं त्याच कॉलेजात, त्याच वर्गाला, तोच विषय शिकवतोय. मागच्या मुलाखतीत त्याला विचारलं, शिकवण्याचा अनुभव किती? त्याने अकरा वर्षं सांगितलं. समोरच्याने फॉर्म उलटून पाहिला आणि म्हणाला, सलग सेवा लिहा. सलग सेवा नऊ महिने होती.